गुण सारखे, जागा एक: मुलांच्या बास्केटबॉल लीगचा गुणतक्ता कसा लावायचा

१८ मे २०२४ च्या रात्री क्रिकेटच्या आयपीएलमध्ये चेन्नई सुपर किंग्ज बेंगळुरूत हरले. बेंगळुरूने २१८ धावा केल्या होत्या. चेन्नईने २०१ केल्या असत्या, म्हणजे १७ धावांनी सामना गमावला असता, तरी ते बाद फेरीत गेले असते. झाल्या १९१. चेन्नई, बेंगळुरू, दिल्ली आणि लखनौ या चौघांचेही गुण १४ च होते आणि जागा एकच उरली होती. ती निव्वळ धावगतीवर द्यायची, हे स्पर्धेच्या नियमांत आधीपासून लिहिलेलं होतं. त्यामुळे हळहळ कितीही झाली तरी चौथा संघ कोणता हा प्रश्न त्या रात्रीच मिटला.

मुलांच्या हौशी बास्केटबॉल लीगमध्ये तो इतक्या सहज मिटत नाही. सहा-आठ संघ, रविवारी सकाळचे सामने, प्रशिक्षक म्हणून कुणाचे तरी आई-बाबा, आणि ज्याला एक्सेल येतं त्याच्या गळ्यात गुणतक्ता. शेवटच्या रविवारी तीन संघांचे गुण सारखे होतात आणि मग नियम शोधायला सुरुवात होते. तोवर प्रत्येकाला आपल्या मुलाच्या संघाचे आकडे ठाऊक झालेले असतात, त्यामुळे कुठलाही नियम सुचवला तरी तो कुणाच्या तरी बाजूचा वाटतो. म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही: बरोबरी कशी सोडवायची ते पहिला सामना होण्याआधी लिहून सगळ्या संघांना द्यावं. या लेखातलं बाकी सगळं त्या एका कागदावर काय लिहायचं याबद्दल आहे.

चेन्नईत हा खेळ रुजून शंभर वर्षं होऊन गेली. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधला. त्याच शाळेत शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं वायएमसीए महाविद्यालय सुरू केलं. ते आज नंदनमला आहे. तिथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी देशभरच्या शाळांत खेळ नेले. २००९ ची महिलांची आशियाई बास्केटबॉल स्पर्धाही याच शहरात झाली. सावकारपेठेत सोन्याच्या गलाईचं काम करणाऱ्या सांगलीकडच्या घरांपासून ओएमआरवरच्या आयटी कंपन्यांत नोकरीला आलेल्यांपर्यंत बरीच मराठी कुटुंबं इथे आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या मुलांच्या लीगचा तक्ता आपल्याकडे आला असेल, तर पुढचे टप्पे क्रमाने घ्यावेत. बास्केटबॉलचं आधीचं ज्ञान लागणार नाही.

कशासाठी क्रम लावतोय ते आधी ठरवा

साखळी फेरीत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी खेळतो. बाद फेरीत हरलेला संघ बाहेर जातो. साखळीतला क्रम बाद फेरीत कोण कुणाशी खेळणार हे ठरवतो, आणि त्याला मानांकन म्हणतात.

सहा संघ असतील तर साखळीत १५ सामने होतात आणि प्रत्येक संघाला पाच मिळतात. हौशी लीगमध्ये मी सहाच्या सहा संघांना बाद फेरीत घेईन, कारण मुलं खेळायला आलेली असतात. तिसरा संघ सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी खेळेल. पहिल्या दोघांना पुढे चाल, म्हणजे न खेळता थेट उपांत्य फेरी. उपांत्य फेरीत पहिल्या क्रमांकाची गाठ चौथा-पाचवा सामन्याच्या विजेत्याशी पडेल, दुसऱ्याची तिसरा-सहावा सामन्याच्या विजेत्याशी.

म्हणजे सगळे जण बाद फेरीत असले तरी दुसरा आणि तिसरा क्रमांक यांत एका पूर्ण सामन्याचा फरक पडतो. बहुतेक भांडणं याच रेषेवर होतात.

पावसाचा हिशेब

चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. उघड्या सिमेंटच्या कोर्टवर पहाटे शिंतोडे पडले तरी सकाळचा सामना घेऊ नये, मुलं घसरतात. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले होते. अशा आठवड्यानंतर कोर्ट कधी वापरता येईल हे कुणी सांगू शकत नाही. डिसेंबरात सहामाही परीक्षाही असतात. पोंगलनंतर सुरू करून मार्चआधी संपवणं सोपं जातं. मे महिन्यात घ्यायची तर सकाळी आठच्या आत सामने आटोपावे लागतात.

वेळापत्रकात एक-दोन रविवार राखीव ठेवावेत. तरीही काही सामने राहून जातात आणि सगळ्यांचे सामने सारखे होत नाहीत. त्याचं काय करायचं ते पुढे येईल, पण नियमांच्या कागदावर त्याची ओळ आत्ताच हवी. अर्ध्यावर थांबलेल्या सामन्याचीही हवी. माझी सूचना अशी की, चार सत्रांपैकी तिसरं सत्र पूर्ण झालं असेल तर तेव्हाचा निकाल धरावा, नसेल तर सामना पुन्हा घ्यावा.

जिंकल्याचे २, हरल्याचा १, न आल्याचा ०

पुढे घोळ होऊ नये म्हणून एक ठरवून घेऊ. चेंडू बास्केटमध्ये गेल्यावर मिळतात ते पॉइंट, आणि सामन्याच्या निकालाचे तक्त्यात मिळतात ते गुण.

जागतिक संघटना फिबा हिच्या पद्धतीत विजयाला २ गुण, पराभवाला १ आणि सामना सोडून दिल्यास ० मिळतो. हरल्यावर गुण कशासाठी, असं आपल्याला वाटेल. तो गुण येऊन खेळल्याचा आहे. तीन जिंकून दोन हरलेल्या संघाचे ८ गुण होतात. तीन जिंकून एक हरलेल्या आणि एकदा न आलेल्या संघाचे ७. मुलांच्या लीगला हे फार चांगलं लागू पडतं. समोरचा संघ तगडा आहे म्हणून घरी बसण्यापेक्षा येऊन हरण्याला तक्त्यात मोल राहतं.

फिबाच्या नियमानुसार ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांत खेळायला तयार असे पाच खेळाडू उभे करता आले नाहीत, तर सामना सोडला असं धरतात आणि निकाल २०–० लिहितात. १५ मिनिटांची ही सवलत कागदावर जशीच्या तशी लिहावी. पाहुण्या संघाची गाडी रहदारीत अडकली आहे, आणखी पाच मिनिटं थांबूया, असं एका रविवारी केलं की पुढच्या रविवारी दुसऱ्या संघाला नाही म्हणता येत नाही.

सुरू झालेल्या सामन्यात खेळाडू कमी पडले तर गोष्ट वेगळी. सहाच मुलं आली आहेत, त्यातली काही पाच फाउल झाल्याने बाहेर बसली, तरी कोर्टवर दोन खेळाडू असेपर्यंत सामना चालतो. दोनपेक्षा कमी उरले तर तो संघ हरतो, पण त्याला १ गुण मिळतो. समोरचा संघ तेव्हा पुढे असेल तर असलेला निकाल कायम राहतो, नसेल तर २–० लिहितात. न आलेला संघ आणि खेळता खेळता संपलेला संघ यांत हा फरक केलेला आहे, तो पुसू नये.

बरोबरीत सुटलेला सामना बास्केटबॉलमध्ये नसतो. नायस्मिथ यांच्या मूळ १३ नियमांतला शेवटचा नियम बरोबरीबद्दलच होता: दोन्ही कर्णधारांची संमती असेल तर आणखी एक गोल होईपर्यंत खेळ चालू ठेवावा. आज पाच मिनिटांचा जादा वेळ देतात, आणि निकाल लागेपर्यंत तो पुन्हा पुन्हा देतात. कोर्ट तासाच्या भाड्यावर घेतलेलं असेल तर आपण तो तीन मिनिटांचा ठरवू शकतो, पण तेही आधी लिहून.

स्कोअरशीट त्याच दिवशी

तक्ता चुकतो तो बहुधा तक्त्यात चुकत नाही, मैदानाच्या कडेच्या टेबलावरच चुकलेला असतो. स्कोअरशीट म्हणजे प्रत्येक बास्केट कुणी, कधी केली याची नोंद असलेला कागद. नेहमीच्या चुका तीन. तीन पॉइंटांची बास्केट दोनची म्हणून लिहिली जाते. दोन संघांचे रकाने उलटे होतात. चार सत्रांची बेरीज आणि चालता स्कोअर जुळत नाही आणि घाईत कुणी पाहत नाही.

उपाय साधा आहे. सामना संपताच चारही सत्रांची बेरीज चालत्या स्कोअरशी ताडून पाहावी, दोन्ही प्रशिक्षकांच्या सह्या घ्याव्यात आणि कागदाचा फोटो तिथेच, कोर्टवरून, लीगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावा. घरी जाऊन टाकू म्हटलं की निम्मे फोटो येत नाहीत.

एक्सेलमध्ये भरताना दोन संघांचे पॉइंट वेगवेगळ्या चौकटींत लिहावेत. एकाच चौकटीत १२-१० असं लिहिलं तर संगणक त्याची तारीख करून टाकतो. क्रम लावताना पूर्ण तक्ता निवडावा. नुसता गुणांचा रकाना निवडून क्रम लावला तर गुण हलतात आणि संघांची नावं जागच्या जागी राहतात. ही चूक वरवर दिसतही नाही, कारण तक्ता व्यवस्थित उतरत्या क्रमाने मांडलेला असतो.

तक्ता तपासायच्या दोन बेरजा

आता एक उदाहरण घेऊ. समजा संघ आहेत अड्यार, मैलापूर, अण्णानगर, वेलाचेरी, पेरांबूर आणि तांबरम. नावं फक्त ओळखीसाठी आणि आकडे समजण्यासाठी.

अड्यारने चार सामने जिंकले, ते फक्त पेरांबूरकडून हरले: ९ गुण. मैलापूर, अण्णानगर आणि वेलाचेरी यांनी प्रत्येकी तीन जिंकले, दोन गमावले: ८, ८, ८. पेरांबूर आणि तांबरम यांनी एकेक जिंकला: ६, ६.

पहिली बेरीज गुणांची. प्रत्येक सामन्यात २ आणि १ मिळून ३ गुण वाटले जातात, म्हणून १५ सामन्यांचे ४५ व्हायला हवेत. ९, तीनदा ८, दोनदा ६: बरोबर ४५. एखादा सामना सोडला गेला असेल तर त्याचा १ गुण कमी धरावा.

दुसरी बेरीज गुणफरकाची. गुणफरक म्हणजे संघाने केलेले पॉइंट वजा त्याच्यावर झालेले पॉइंट. एका संघाची अधिक बाजू ही दुसऱ्याची उणे असते, त्यामुळे सगळ्या संघांची बेरीज शून्यच यायला हवी. आपल्या उदाहरणात अड्यार +३८, मैलापूर +४६, अण्णानगर +१५, वेलाचेरी +५, मिळून १०४. पेरांबूर −२५ आणि तांबरम −७९, मिळून −१०४. जुळलं. जुळत नसेल तर कुठलाही क्रम जाहीर करू नये, आधी स्कोअरशीट काढून बसावं.

दोघांची बरोबरी

ही सोपी. पेरांबूर आणि तांबरम यांचे गुण सारखे आहेत. दोघांत झालेला सामना तांबरमने जिंकला होता, म्हणून तांबरम पाचवा आणि पेरांबूर सहावा. याला आमनेसामनेचा निकष म्हणतात.

पेरांबूरचे पालक दोन गोष्टी पुढे करतील. आमचा गुणफरक −२५, त्यांचा −७९. आणि पहिल्या क्रमांकाच्या अड्यारला हरवलं ते आम्हीच. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींचा इथे उपयोग नाही, कारण कोण सरस हे त्या दोघांनी समोरासमोर खेळून ठरवलेलं आहे. हे शांतपणे आणि आदराने सांगावं. पालकांना निकषांचा क्रम नवा असतो, त्यांचा हेतू वाईट नसतो.

तिघांची बरोबरी: इथे सावकाश वाचावं

मैलापूरने अण्णानगरला ३८–३५ हरवलं. अण्णानगरने वेलाचेरीला ४१–३७ हरवलं. वेलाचेरीने मैलापूरला ४४–३८ हरवलं. प्रत्येकाने एकाला हरवलं, प्रत्येक जण एकाकडून हरला. आता दुसरा क्रमांक कुणाचा?

नेहमी होणारी पहिली चूक अशी की, कुणीतरी तिघांतले दोघेच उचलतो. "मैलापूरने अण्णानगरला हरवलंय ना? मग ते वर." पण त्याच न्यायाने वेलाचेरी मैलापूरच्या वर आणि अण्णानगर वेलाचेरीच्या वर. कुठून सुरुवात केली यावर उत्तर बदलतं, म्हणजे ती पद्धतच नव्हे.

योग्य रीत अशी: बरोबरीत असलेल्या तिघांचा एक छोटा तक्ता वेगळा काढायचा आणि त्यात फक्त त्यांचे आपसांतले सामने धरायचे. अड्यार, पेरांबूर, तांबरम यांच्याशी झालेले सामने तूर्त बाजूला.

छोट्या तक्त्यात तिघांचाही एक विजय, एक पराभव. मग पुढचा निकष, आपसांतल्या सामन्यांचा गुणफरक. वेलाचेरीने ८१ केले, ७९ दिले: +२. अण्णानगरने ७६ केले, ७५ दिले: +१. मैलापूरने ७६ केले, ७९ दिले: −३. बेरीज शून्य, म्हणजे हिशेब बरोबर. वेलाचेरी दुसरा, अण्णानगर तिसरा, मैलापूर चौथा.

फिबाच्या निकषांचा पूर्ण क्रम असा आहे: आपसांतल्या सामन्यांतले विजय, मग त्याच सामन्यांचा गुणफरक, मग त्याच सामन्यांत केलेले पॉइंट, मग साखळीतल्या सगळ्या सामन्यांचा गुणफरक, मग सगळ्या सामन्यांत केलेले पॉइंट, आणि अगदी शेवटी चिठ्ठी. जुन्या नियमांत गुणफरकाऐवजी सरासरी असायची, म्हणजे केलेले भागिले दिलेले. काही अनुभवी प्रशिक्षक आजही तीच धरून चालतात. आपल्या कागदावर वजाबाकी आहे की भागाकार, ते स्पष्ट लिहावं.

आता मैलापूरचे प्रशिक्षक विचारतील, "वेलाचेरी दुसरे, मान्य. पण मग आम्ही आणि अण्णानगर दोघेच उरलो, आणि अण्णानगरला आम्ही हरवलंय. आम्ही तिसरे का नाही?" प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर असं की, एकाच निकषाने तिघेही वेगवेगळे झाले, +२, +१, −३. त्यामुळे बरोबरीत कुणी उरलंच नाही. जर त्या निकषाने एकच संघ सुटला असता आणि दोघे अजून समान राहिले असते, तर त्या दोघांसाठी पुन्हा पहिल्या निकषापासून सुरुवात झाली असती.

आकड्यांत पाहू. समजा अण्णानगरने वेलाचेरीला ४ ऐवजी २ ने हरवलं असतं आणि वेलाचेरीने मैलापूरला ६ ऐवजी ४ ने. मग वेलाचेरी +२, अण्णानगर −१, मैलापूर −१. वेलाचेरी सुटला. उरलेल्या दोघांचा आपसांतला सामना मैलापूरने जिंकला होता, म्हणून इथे मैलापूर तिसरा. दोन बास्केटांचा फरक आणि क्रम उलटा. "उरलेल्यांसाठी पुन्हा पहिल्यापासून" ही ओळ कागदावर नसेल तर या ठिकाणी घोडं पेंड खाणार.

एकूण गुणफरक आधी का नको

बऱ्याच लीगमध्ये बरोबरी झाली की थेट एकूण गुणफरक पाहतात. काढायला सोपा, एक्सेलमध्ये तयार असतो, आणि क्रिकेटमुळे धावगतीची सवय आहे. आपल्या उदाहरणात तो लावून पाहू: मैलापूर +४६, अण्णानगर +१५, वेलाचेरी +५. मैलापूर दुसरा, अण्णानगर तिसरा, वेलाचेरी चौथा. आधीच्या क्रमाच्या नेमका उलट.

मैलापूरचे +४६ आले कुठून? त्यांचे पाच सामने पाहा: +३, −६, −५, +१०, आणि तांबरमविरुद्ध ६२–१८, म्हणजे +४४. जवळजवळ सगळी कमाई एका सामन्यातली, आणि तीही सर्वांत दुबळ्या संघाकडून.

मला या विषयात सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची. एकूण गुणफरकाला महत्त्व असलेल्या लीगमध्ये ४० पॉइंटांनी पुढे असलेल्या प्रशिक्षकाला आपली चांगली मुलं बाहेर बसवून नव्या मुलांना खेळवावंसं वाटलं, तरी ते त्याला परवडत नाही. त्याच्या संघाचं दुसरं स्थान त्या पॉइंटांवर अवलंबून असतं. नुकसान दोन्हीकडे होतं: हरणारी मुलं शेवटच्या सत्रातही पूर्ण दाबाखाली चेंडू गमावत राहतात, आणि जिंकणाऱ्या संघातली बाकावरची मुलं बाकावरच राहतात. नियम लिहिणाऱ्याने कुणाचं वाईट चिंतलेलं नसतं, पण परिणाम हाच होतो.

म्हणून आपसांतले निकष आधी आणि एकूण गुणफरक नंतर. शिवाय त्याला मर्यादा घालावी. उदाहरणार्थ, कुठल्याही एका सामन्याचा फरक १५ च्या वर धरायचा नाही. मैलापूरचे +४४ मग +१५ होतात आणि एकूण ४६ वरून १७ वर येतं. तांबरमच्या खात्यातही त्या सामन्याचे −४४ ऐवजी −१५ धरायचे, नाहीतर शून्याची बेरीज बिघडेल. स्कोअरशीटवर खरा निकालच राहतो, मर्यादा फक्त तक्त्यात लागते. सोडलेल्या सामन्याचे २०–० या मर्यादेतच बसवावेत, नाहीतर खेळून मिळवलेल्या मोठ्या विजयापेक्षा न खेळलेला विजय जास्त भरतो.

मर्यादा १५ ची असावी की १० ची, यावर दुमत असू शकतं. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी मी १० घेईन.

सामने सारखे झाले नसतील तर

पावसाने एक सामना गेला. एका संघाने चारपैकी तीन जिंकले, एक हरला: ७ गुण. दुसऱ्याने पाचपैकी तीन जिंकले, दोन हरले: ८ गुण. म्हणजे जास्त हरलेला संघ वर गेला, कारण हरल्याचाही १ गुण मिळतो. सामने असमान असताना गुणांची बेरीज वापरूच नये. त्याऐवजी विजयाचं प्रमाण काढावं: पहिल्याचं ७५ टक्के, दुसऱ्याचं ६० टक्के. गुणफरकही मग एकूण न धरता दर सामन्यामागचा धरावा.

प्रमाण वापरताना न येणाऱ्या संघाला सवलत मिळू नये. सोडलेला सामना हा खेळून हरलेला म्हणूनच मोजावा आणि बरोबरी झाल्यास सोडलेला सामना नसलेल्या संघाला वर ठेवावं.

एखादा संघ मध्येच लीग सोडतो. परीक्षा, बदली, प्रशिक्षकाची अडचण, कारणं खरी असतात. फिबाच्या नियमात एकच संघ दुसऱ्यांदा सामना सोडतो तेव्हा त्याचे सगळे निकाल रद्द होतात. आपल्याला ते कठोर वाटलं तर असं ठरवता येईल: निम्म्याहून कमी सामने खेळून संघ गेला तर त्याचे सगळे निकाल पुसावेत, निम्म्याहून जास्त खेळला असेल तर उरलेले सामने समोरच्यांना २०–० द्यावेत.

दोन गट असतील आणि दोन्ही गटांतल्या तिसऱ्या संघांची तुलना करायची असेल, तर आमनेसामने हा निकषच नसतो, कारण ते एकमेकांशी खेळलेले नसतात. एका गटात चार आणि दुसऱ्यात तीन संघ असतील, तर मोठ्या गटातल्या शेवटच्या संघाविरुद्धचा निकाल तुलनेपुरता बाजूला ठेवतात, म्हणजे दोघांचे सामने सारखे होतात.

सगळंच सारखं राहिलं तर

असं क्वचितच होतं, पण होतं. १९९० च्या फुटबॉल विश्वचषकात आयर्लंड आणि नेदरलँड्स यांचं सगळं सारखं झालं आणि चिठ्ठी टाकून क्रम ठरवावा लागला. २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांच्यात जपान पुढे गेला तो पिवळी कार्डं कमी मिळाली म्हणून.

मुलांच्या लीगमध्ये चिठ्ठीच्या आधी ही शिस्तीची पायरी घालावी असं मला वाटतं. बास्केटबॉलमध्ये तांत्रिक फाउल असतो, म्हणजे अंगाला धक्का न लावता केलेला गैरवर्तनाचा फाउल: पंचांशी हुज्जत, मुद्दाम वेळ काढणं, बाकावरून आरडाओरडा. ज्या संघाचे असे फाउल कमी, तो वर. प्रशिक्षकाचे फाउलही यात मोजावेत, कारण बहुतेक वेळा तेच जास्त असतात. त्यानेही सुटलं नाही तर दोन्ही कर्णधारांना बोलावून त्यांच्यासमोर नाणेफेक करावी, आपल्या घरी नव्हे.

जाहीर करताना

शेवटचा साखळी सामना झाल्यावर लगेच बाद फेरीचं वेळापत्रक टाकू नये. आधी नुसता क्रम टाकावा, आणि प्रत्येक बरोबरीखाली एका ओळीत कारण लिहावं. "वेलाचेरी, अण्णानगर, मैलापूर: ८ गुण, आपसांत १-१, आपसांतला गुणफरक +२, +१, −३." सोबत ते तीन निकाल. एवढं असेल तर पालक स्वतः बेरीज करून पाहतात आणि निम्मे प्रश्न विचारले जाण्याआधीच संपतात.

मग एक दिवस हरकतींसाठी ठेवावा. हरकत फक्त आकड्यांवर घ्यावी, नियमावर नाही. "आमचा तो सामना ३८ नाही, ४० होता" असं कुणी म्हटलं तर सह्या असलेल्या स्कोअरशीटचा फोटो उघडावा आणि त्यात जे आहे ते मानावं. नियम बदलायचा असेल तर पुढच्या मोसमासाठी सूचना म्हणून लिहून घ्यावा, आणि खरंच लिहून घ्यावा, कारण अशा सूचनांतल्या बऱ्याच चांगल्या असतात.

हरकतीचा दिवस संपला की जोड्या टाकाव्यात: अण्णानगर विरुद्ध पेरांबूर, मैलापूर विरुद्ध तांबरम, अड्यार आणि वेलाचेरी थेट उपांत्य फेरीत. ज्याचं मानांकन वरचं त्याचं नाव आधी लिहावं. आधी नाव असलेला संघ फिकट रंगाचा शर्ट घालतो, त्यामुळे सकाळी कोर्टवर दोन्ही संघ एकाच रंगात येण्याची वेळ टळते. खाली तारीख, वेळ, कोर्ट आणि पाऊस आल्यास राखीव तारीख, आणि संदेश आदल्या संध्याकाळी नव्हे, तीन दिवस आधी.